दिपोटी, देवमामलेदार आणि एक आणा

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला पुतणीचा फोन आला. ती गटशिक्षणाधिकारी झाली हे आमच्या नातेवाईक मंडळींना माहीतच आहे (पेढे पोचले असतीलच, नसतील तर माझ्याकडे तक्रार करा). कुठल्या तालुक्यात ते इथे लिहीत नाही. नवी नोकरी आहे, उगाच तिला अडचण नको.

"काका, एक विचारू? हसायचं नाही हां."

"विचार की."

"लोकांशी संबंध कसे जोडायचे हो?"

मला हसू आलं नाही. बत्तीस वर्षं शिक्षण खात्यात काढली, त्यातली निम्मी विस्तार अधिकारी म्हणून, आणि हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मीही कोणाला विचारला नव्हता.

तिची अडचण अशी. तिच्या तालुक्यात डोंगराला लागून एक पाडा आहे. तिथे चौथीपर्यंतची शाळा, पट नऊ. कमी पटाच्या शाळांचं काय करायचं हा विषय आपल्या राज्यात बरीच वर्षं धुमसतो आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरलं, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' हा शब्द आला. तर पुतणीला त्या पाड्यावर जाऊन पालकांशी बोलायचं आहे आणि अहवाल द्यायचा आहे. पहिल्या बैठकीला दोन माणसं आली. एक शाळेत खिचडी शिजवणारी बाई आणि दुसरा तिचा नवरा. अहवालाच्या नमुन्यात 'समुदाय सहभाग' असा एक रकाना आहे. त्यात काय लिहू, हा तिचा दुसरा प्रश्न.

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. "माणसांत मिसळायचं, गोड बोलायचं" वगैरे. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. म्हणून हे जरा सविस्तर. लेख तिच्यासाठी आहे, बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही.

सुरुवात गावापासूनच करतो.

आमच्या सटाण्यात एका सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ आहे. बाहेरच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी चमकतो, मग आपण चेष्टा करतोय असं समजतो. पण चेष्टा नाही. यशवंत महादेव भोसेकर हे बागलाणचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून भुकेल्या लोकांना पैसे वाटले. सव्वा लाखाच्या वर रक्कम होती असं सांगतात. वरपर्यंत बातमी गेली, साहेब तपासणीला आला, तिजोरी उघडली, मोजदाद झाली... आणि पै न पै बरोबर भरली. तेव्हापासून ते देवमामलेदार. १८८७ मध्ये नाशिकला त्यांनी देह ठेवला. मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात त्यांचा रथ निघतो आणि जत्रा भरते. लहानपणी मला 'मामलेदार' हे देवाचंच एखादं नाव वाटायचं, खंडोबा-म्हसोबासारखं. पुढे दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागले तेव्हा तो गैरसमज दूर झाला :-)

या कथेत इतिहास कुठे संपतो आणि आख्यायिका कुठे सुरू होते, ती गाठ सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही. मला वेगळंच सांगायचं आहे. आमच्या भागात जो जो अधिकारी येतो तो या कथेतून एकच धडा घेतो : द्या, म्हणजे लोक डोक्यावर घेतील. मीही नोकरीला लागलो तेव्हा हाच धडा घेतला होता. पण शाळाखात्याच्या माणसाकडे द्यायला असतं काय? मामलेदाराकडे खजिना होता. माझ्याकडे आवक-जावक नोंदवही होती आणि एक मोटारसायकल, तीही हप्त्यावरची.

म्हणून शाळेची गोष्ट वेगळ्या टोकाकडून बघायला हवी. ते टोक म्हणजे एक आणा.

१८६९ साली तीन गोष्टी घडल्या. एक, नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तोवर खानदेशात असलेलं आमचं बागलाण नाशकात आलं. दोन, मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा झाला. आणि तीन, त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा प्रसिद्ध केला. या तिन्हींचा एकमेकांशी तसा संबंध नाही, पण शाळेच्या इतिहासात मला त्या एका ओळीत बसलेल्या दिसतात.

लोकल फंड म्हणजे काय, तर शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी. ती १८६३ पासूनच सुरू झाली होती, १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. त्या आण्याचे दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना. आणा म्हणजे बारा पै. म्हणजे शाळेच्या वाट्याला रुपयामागे चार पै. बारा रुपये सारा भरणारा आरम किंवा मोसम काठचा कुणबी वर बारा आणे पट्टी भरायचा आणि त्यातले चार आणे शाळेचे. त्याच्या गावात शाळा असो वा नसो. त्याचं पोरगं त्या शाळेत जावो वा गुरांमागे जावो.

हे एकदा ध्यानात घेतलं की 'सरकारनं शाळा दिली' हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही. रयतेनं शाळेचे पैसे आधीच भरले होते. फक्त ते पैसे कुठे गेले हे तिला कोणी सांगत नव्हतं. फंडाच्या समित्या होत्या, पण त्यांत सरकारी अंमलदार आणि त्यांनी नेमलेली प्रतिष्ठित मंडळी. पट्टी भरणाऱ्याला तिथे कोण विचारतो!

विचारलं ते फुल्यांनी. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं. लोक त्याची आठवण काढतात ती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी, आणि ते बरोबरच आहे. पण शिक्षण खात्यातल्या प्रत्येकाने त्यातला मास्तरांविषयीचा भाग वाचायला हवा. महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, ही तक्रार तर आहेच. पुढे ते म्हणतात की खेड्यातले मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातलेच असावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणी मिसळतील आणि लोकांच्या गरजा त्यांना कळतील. त्यांना पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. आणि मला सगळ्यांत आवडलेली सूचना ही की मास्तराला गावाच्या कारभारात गुंतवा. गावचे हिशेब तपासणारा, दस्त नोंदवणारा, टपाल सांभाळणारा, स्टँप विकणारा अशी कामं त्याच्याकडे द्या, म्हणजे गावात त्याची किंमत वाढेल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोकरीत वीस वर्षं झाली होती. तोवर 'मास्तरांवर अशैक्षणिक कामांचा बोजा' या विषयावर मी स्वतः दोनदा भाषण ठोकलं होतं. फुले अशैक्षणिक कामच सुचवत होते की! पण फरक बघा. आमच्या मास्तरांना जी कामं मिळाली ती वरच्या कचेरीची : जनगणना, मतदार याद्या. फुल्यांनी सुचवलेली कामं गावाच्या उपयोगाची होती. ज्याच्याकडून पत्र लिहून घ्यायचं, दस्त वाचून घ्यायचा, त्या माणसाशी गावाचं नातं आपोआप तयार होतं. त्यासाठी वेगळा रकाना लागत नाही.

त्या काळी तालुक्यातल्या शाळांवर नजर असायची ती डेप्युटी इन्स्पेक्टरची. लोकांच्या तोंडी तो झाला 'दिपोटी'. माझे आजोबा शाळेत होते ते १९२० च्या दशकात. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं खात्याच्या हातातला शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डाकडे आला होता, पण गावात तपासायला येणारा कोणीही असो, तो दिपोटीच. आजोबा सांगायचे, दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा शेणानं सारवायची. मास्तर हुशार पोरांना पुढे बसवायचे आणि ढ पोरांना सांगायचे, उद्या गुरं राखायला गेलात तरी चालेल. आजोबा दरवेळी गुरं राखायला जायचे! त्यांनी उभ्या आयुष्यात दिपोटी पाहिला तो एकदाच, तोही लांबून, बैलगाडीतून उतरताना. "डोक्यावर पगडी होती का टोपी, ते बी आठवत नही," असं म्हणायचे.

मला वाटतं, आपल्याकडे शाळेचा अधिकारी आणि गाव यांचं नातं कसं होतं याचं याहून चांगलं वर्णन नाही. ज्याच्या बापाच्या चार पैंवर शाळा चालली ते पोरगं गुरांमागे, आणि शाळा सारवून तयार.

पुढे कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून बरंच झालं. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची नवी घडी बसली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, तालुक्याला पंचायत समिती बसली. जिल्ह्याला शिक्षण सभापती म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस. कागदावर बघितलं तर शाळा मुंबईहून गावाच्या दाराशी येऊन पोचली. आणि फायदाही झाला. आमच्या तालुक्यात पश्चिमेकडच्या साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांपर्यंत शाळा गेल्या त्या याच व्यवस्थेतून. ते काही कमी नाही.

पण एक गोष्ट निसटली. शाळेचं सगळं वरून यायला लागलं तसा गावाचा हात शाळेवरून निघत गेला. 'आपली शाळा'ची 'जिल्हा परिषदेची शाळा' झाली. कौल फुटला तरी जिल्हा परिषद बघेल. मास्तर आला नाही तरी जिल्हा परिषद बघेल.

याच काळात शेजारीच दुसरा प्रयोग चालू होता, तोही आपल्या जिल्ह्यात. १९१४ साली नाशकात मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे ही त्यातली मोठी नावं. यांच्याकडे ना खजिना ना हुकूम. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या पोरांची राहण्याजेवणाची सोय म्हणून बोर्डिंग चालवायचं, आणि त्यासाठी लोकांकडे जायचं. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुष्टिफंड गोळा केला. म्हणजे घरच्या बाईनं रोज दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला टाकायचं, ते बोर्डिंगच्या पोरांसाठी. एक मूठ! कोणाचं त्यानं घर बुडत नाही. पण वर्षभर रोज एक मूठ बाजूला टाकणाऱ्या बाईला ते बोर्डिंग परक्याचं कसं वाटेल?

१९५९ मध्ये साताऱ्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, प्रौढांना साक्षर करायची. तिथेही हीच युक्ती. एकेका माणसाला शिकवायच्या ऐवजी सगळं गावच साक्षर करायचं गावानं मनावर घ्यायचं, शिकवणारे गावातलेच, आणि काम पुरं झालं की ग्रामगौरव समारंभ. सत्कार व्हायचा तो गावाचा.

हे सगळं वाचून मी तरुणपणी एक निष्कर्ष काढून ठेवला होता : ज्याला आपण काही देतो तो आपला होतो. म्हणून अधिकाऱ्यानं द्यायला जाऊ नये, मागायला जावं.

निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. बाकीचा अर्धा मला एका म्हातारीनं शिकवला.

साल १९९८, पावसाळा. मोसम खोऱ्यातल्या एका गावात शाळेची एक भिंत रात्रीतून बसली. सुदैवानं रात्र होती. मी गेलो, पंचनामा केला, वर कळवलं. दुरुस्तीचे पैसे यायला वेळ लागणार हे उघड होतं. म्हटलं, चला, लोकवर्गणी. सकाळी अकराची ग्रामसभा लावली. दवंडी दिली, नोटीस लावली. सरपंच, ग्रामसेवक, मास्तर आणि मी, असे चौघे अकरापासून एकपर्यंत बसलो. पोळ कांद्याची लागवड चालू होती आणि मी शेतकऱ्यांना सकाळी अकराला बोलावलं होतं! शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाची ही अक्कल. शेवटी कोणीतरी नोंदवही घेऊन घरोघर फिरला आणि संध्याकाळपर्यंत बेचाळीस सह्या-अंगठे गोळा झाले. कागदावर माझी सभा दणक्यात पार पडली.

वर्गणी मात्र जमली नाही. मग चार दिवसांनी रात्री गेलो. मारुतीच्या पारावर आठ-दहा जण होते, बाजूच्या ओट्यावर बायका. मी माझं भाषण केलं. शाळा तुमची, पोरं तुमची, थोडा हातभार लावा. सगळे गप्प. तेवढ्यात ओट्यावरून एक आजी बोलल्या, अहिराणीत :

"सायेब, भित पडनी ते आमले दखास. पैसा कोठे जास ते दखात नही."

भिंत पडली ते दिसतं, पैसा कुठे जातो ते दिसत नाही. हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे सांगितलं तेच ना हे? एकशे सोळा वर्षांनी. त्या बाईनं फुल्यांचं नाव ऐकलं असेल नसेल, पण तिच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या पट्टी भरली होती, आणि वर मी तिच्याकडे पुन्हा हात पसरून उभा होतो.

त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेचे कागद घेऊन पुन्हा पारावर गेलो आणि कंदिलाच्या उजेडात सगळं वाचून दाखवलं (वीज गेली होती, हे सांगायला नकोच). वर्षाचा सादिल किती आला, खडूंना किती गेले, घागरीला किती, तांदळाची किती पोती आली, कोणत्या महिन्यात आली नाहीत. सादिलचा आकडा ऐकून लोक हसायला लागले. एवढासा! एक जण म्हणाला, आमच्या बैलाचं औषध याहून महाग. पण हसता हसता काहीतरी सैल झालं. मग मी पैसे मागितलेच नाहीत. म्हटलं, भिंत होईपर्यंत पोरांना बसायला जागा पाहिजे.

आजींनी आपली पडवी दिली. तीन महिने तिसरी-चौथीचे वर्ग त्या पडवीत भरले. आजी बाजूला शेंगा फोडत बसायच्या आणि ऐकायच्या. त्यांना तेराचा पाढा पाठ झाला असं मास्तर सांगायचे. मास्तरांची मात्र पंचाईत झाली. एकदा ते न सांगता दांडी मारून बाजाराच्या दिवशी नामपूरला गेले, तर संध्याकाळी आजी एसटीच्या थांब्यावर वाट अडवून उभ्या. माझ्या सगळ्या तपासण्यांपेक्षा ती तपासणी कडक झाली. भिंत पुढे सरकारी पैशातूनच झाली, पण गवंड्यानं वाळू जास्त आणि सिमेंट कमी घातलं की गावातली दोन माणसं तिथे हजर असायची.

नंतर २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका. कायदा चांगलाच आहे. वाचताना मला ती पडवी आठवली. पण समितीच्या इतिवृत्तात मी पुष्कळदा तेच बेचाळीस अंगठेही बघितले.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर मी फार शहाणा दिसलो असतो. म्हणून पुढचं लिहिणं भाग आहे. हे घरातही फारसं कोणाला माहीत नाही.

२०१२-१३ च्या सुमाराची गोष्ट. मी दुसऱ्या एका तालुक्यात होतो, नाव लिहीत नाही. एका वस्तीवरची सात मुलांची शाळा खालच्या गावच्या शाळेला जोडायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कागदावर अंतर होतं ०.९ किलोमीटर. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडलेला होता, सह्या होत्या. महिनाअखेर होती, माहिती ऑनलाइन भरायची घाई होती. पारावर रात्री जाऊन हिशेब वाचणारा मीच. पण तेव्हा माझं वय पंचावन्न, गुडघे दुखायला लागलेले, आणि अनुभवी माणसाला कागद बघूनच सगळं कळतं असा एक माज आलेला. मी त्या वस्तीवर गेलो नाही. सही केली.

पावसाळ्यात मधल्या नाल्याला पाणी येतं आणि वळसा घालून गेलं तर अंतर तीन किलोमीटर होतं, हे मला पुढच्या वर्षी खालच्या शाळेच्या मास्तरांकडून कळलं. सातपैकी तीन मुलं त्या शाळेत येत होती. चौघांची नावं हजेरीपटावर होती, नावांपुढे नुसत्या फुल्या. ठरावावरच्या सह्यांचं विचारलं तर मास्तर काही बोलले नाहीत. मीही जास्त विचारलं नाही, कारण त्या कशा गोळा होतात हे मला सांगायला कोणाची गरज नव्हती. १९९८ ची माझी बेचाळीस होतीच की.

ती चार मुलं आता विशीत असतील. द्राक्षांच्या हंगामात मजुरांचे टेम्पो भरून जाताना दिसले की मी अजूनही तोंडं बघतो. ओळखणार कोणाला? मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. आजोबांनी दिपोटीला एकदा तरी लांबून पाहिलं होतं. या चौघांनी त्यांच्या दिपोटीला तेवढंही पाहिलं नाही.

असो.

तर बाई, तुझ्या प्रश्नाकडे येतो.

त्या पाड्यावर संध्याकाळी जा, सकाळी अकराला नको. कुठल्या महिन्यात जायचं तेही आधी विचार, कारण अर्धा पाडा मजुरीला बाहेर गेला असेल तर कोणाशी बोलणार? त्या खिचडीवाल्या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला 'फक्त दोन' म्हणू नकोस. दोघं आले, ती तुझी सुरुवात आहे. त्यांनाच विचार, पाड्यात कोणाच्या अंगणात लोक बसतात.

जाताना शाळेचा हिशेब घेऊन जा आणि त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखव. काय आलं, कुठे गेलं, काय यायचं राहिलं. तुझ्या खात्याला कमीपणा आणणारं असलं तरी वाच. त्यानंतर काय मागायचं ते माग. पैसे मागू नकोस, ते त्यांच्या पणज्यांनी आणा-आणा करून भरलेत. नाल्याला पाणी किती दिवस असतं, पोरांना कोण पोचवू शकतं, शाळा राहिली तर ते काय बघतील आणि हलवली तर त्यांना काय लागेल, हे विचार. आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत त्या रकान्यात लिही. बसलं नाही रकान्यात तर मागे पान जोड. शाळा बंद करू नका म्हणाले तर तसं, करा म्हणाले तर तसं. वरून काय निर्णय येईल ते तुझ्या हातात नाही, पण तो आला की सांगायला परत जाणं तुझ्या हातात आहे. वाईट असला तर नक्की जा.

आणि ते अंतर एकदा पायी चालून बघ. शक्यतो जुलैत.

या वर्षी जत्रेला सटाण्याला गेलो होतो. पाळणे, रेवड्या, भांड्यांची दुकानं, सगळं तसंच. दर्शनाच्या रांगेत उभं असताना मनात आलं की या गोष्टीचा अर्थ मी इतकी वर्षं अर्धवटच लावला. मामलेदारांनी खजिना वाटला इथे गोष्ट संपत नाही. लोकांनी ती संपवली आहे तिजोरीची मोजदाद झाल्यावर, पैसे पुरे भरल्यावर. चमत्कार घडवायचाच होता तर आभाळातून धान्य पाडता आलं असतं, दुष्काळातच पाऊस पाडता आला असता. पण आमच्या लोकांनी देवाकडून मागून घेतलं काय, तर हिशेब जुळलेला.

माझ्या पुढे एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. पोरानं विचारलं, "आई, हाऊ कोन देव शे?" ती म्हणाली, "मामलेदार."

पोराला काही नवल वाटलं नाही.